गाडी इथली, रस्ता तिथला : ब्रिटिश ग्रँड टूररची गोष्ट

आज गाड्या. पण घोडाशक्ती किती आणि शून्य ते शंभर किती सेकंदांत, असलं फार काही नाही हं. आज मला एक कोडं सोडवायचंय.

१९५२ साली ब्रिटनमध्ये एक गाडी तयार झाली. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन ती ताशी शंभर मैलांनी, म्हणजे १६० किलोमीटरनी, कुरकुर न करता पळत राहायची. आता त्या वेळचा ब्रिटन बघा. मोटरवे एकही नाही. पेट्रोलचं रेशनिंग उठून जेमतेम दोन वर्षं झालेली. साखर, लोणी, मटण अजून रेशनवर. आणि फिरायला परदेशी जायचं म्हटलं तर सरकार माणशी फक्त २५ पौंड बाहेर न्यायला देणार. गाडीची किंमत करासकट सात हजार पौंडांच्या घरात. तेवढ्यात तिकडे तीन साधी घरं आली असती.

मग ही गाडी चालवायची कुठे? आणि कुणी?

गाडीचं नाव बेंटली आर-टाइप कॉन्टिनेंटल, आणि निम्मं उत्तर नावातच आहे. इंग्रज माणसाच्या तोंडी 'कॉन्टिनेंट' म्हणजे खाडीपलीकडचा युरोप. सतराव्या-अठराव्या शतकात तिथल्या उमरावांची पोरं शिक्षणाचा शेवट म्हणून फ्रान्समार्गे इटलीला जायची, त्याला ग्रँड टूर म्हणत. पुढे इटालियनांनी तोच शब्द 'ग्रान तुरिस्मो' करून गाड्यांना लावला. जीटी म्हणतो ना आपण, ते हेच. स्पोर्ट्स कार तासाभरात मजा देते आणि पाठ मोडते. लिमोझिनमध्ये पाठ सुखात, पण मजा ड्रायव्हरला नाही. ग्रँड टूरर या दोघींच्या मधली. मालकाने स्वतः चालवायची, दिवसभर चालवायची, आणि हजार किलोमीटरनंतर उतरून थेट जेवायला बसायचं, झोपायला नाही.

ब्रिटिशांच्या डोक्यात ही कल्पना पक्की बसवली ती १९३० मधल्या एका पैजेने. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या पैशावर वाढलेला वूल्फ बार्नाटो तेव्हा बेंटली कंपनीचा मुख्य मालक होता. ल मांची शर्यत तीनदा जिंकलेला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघणारी 'ब्लू ट्रेन' कॅलेला पोचायच्या आत मी कानहून लंडन गाठतो, असं तो म्हणाला. आणि गाठलंही. गाडी कॅलेला पोचायच्या चार मिनिटं आधी पठ्ठ्या लंडनमधल्या क्लबात हजर. वाटेत समुद्र होता, हे विसरू नका.

यातली गंमत पुढे आहे. या शर्यतीच्या चित्रांत एक देखणी, बसक्या छपराची कूपे दिसते आणि कित्येक वर्षं सगळे तिलाच ती गाडी समजत होते. नंतर कागद तपासले तर कूपे तयार झाली होती शर्यतीनंतर! बार्नाटोने पळवली ती एच. जे. मुलिनरने बॉडी बांधलेली चौकोनी सलून. लोकांना जशी गाडी हवी होती, तशी आठवणीत बनली. मला वाटतं ब्रिटिश जीटीचा निम्मा इतिहास असाच आहे.

बरं, पैज जिंकून कंपनी वाचली का? नाही. मंदी आली आणि पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, बेंटली बुडाली आणि रोल्स-रॉइसने विकत घेतली.

आता परत १९५२. युद्ध जिंकून ब्रिटन कर्जबाजारी झाला होता. डॉलर हवे होते. पोलाद कुणाला किती मिळणार, ते तुम्ही किती माल निर्यात करता त्यावर ठरायचं. त्यामुळे कॉन्टिनेंटल सुरुवातीला परदेशी गिऱ्हाइकांसाठीच होती. ज्या इंग्रजी ऐटीचं आपल्याला कौतुक वाटतं, ती आधी एका कंगाल देशाची निर्यातवस्तू होती.

पण काम काय केलंय! इव्हान एव्हर्नडेन हा इंजिनीअर आणि जॉन ब्लॅचली हा डिझायनर. त्यांची खरी अडचण इंजिन नव्हतीच, टायर होते. त्या काळचे टायर जड गाडीला इतक्या वेगात फार वेळ पेलू शकत नव्हते. म्हणजे वजन उतरवा. बॉडी अॅल्युमिनियमची, बंपर अॅल्युमिनियमचे, सीटच्या आणि खिडक्यांच्या चौकटीसुद्धा हलक्या धातूच्या. आकार ठरवायला लहान मॉडेल बनवून ते रोल्स-रॉइसच्या विमानवाल्यांच्या विंड टनेलमध्ये ठेवलं. मागचा तो लांब उतरता पाठीचा भाग आणि दोन बाजूंचे हलके पंख तिथून आले. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला हे फार आवडतं. सगळ्यात कच्चा दुवा कुठला, ते आधी शोधलं आणि बाकी सगळं त्याच्याभोवती रचलं. सुंदर दिसणं मागून आलं.

पहिल्या गाडीचा नंबर ओएलजी ४९०, म्हणून तिचं नाव पडलं ओल्गा. तिची चाचणी फ्रान्समध्ये माँतलेरीच्या ट्रॅकवर झाली आणि ती ताशी १२० मैलांच्या जवळ पोचली. नंतर बहुतेक बॉड्या बांधल्या त्याच एच. जे. मुलिनरने, हाताने पत्रा ठोकून. १९५५ पर्यंत ओल्गा धरून एकूण २०८ गाड्या झाल्या. दोनशे आठ! एवढ्यावर कुठला धंदा चालणार?

चालत नव्हताच. रोल्स-रॉइसकडे विमानांची इंजिनं होती म्हणून हे परवडलं. अॅस्टन मार्टिनचंही तेच. १९४७ मध्ये डेव्हिड ब्राउनने वर्तमानपत्रातली जाहिरात बघून ती कंपनी २०,५०० पौंडांना घेतली. ब्राउनचा घरचा धंदा गिअर आणि ट्रॅक्टरचा. म्हणजे १९५८ ची डीबी४ आणि जेम्स बॉण्डच्या 'गोल्डफिंगर'मध्ये झळकलेली डीबी५, या दोघींना जगवलं शेतातल्या ट्रॅक्टरनी. डीबी५ सुद्धा जगभरात हजाराच्या आसपासच बनल्या. १९७२ मध्ये ब्राउनने ट्रॅक्टरचा धंदा विकला, आणि त्याच वर्षी अॅस्टन मार्टिनही नाममात्र रकमेला दुसऱ्याच्या गळ्यात घातली.

जॅग्वारचं नाव का घेत नाही, असं काही जण म्हणतीलच. ई-टाइप १९६१ मध्ये डीबी४ च्या साधारण निम्म्या किमतीत आली आणि सत्तर हजारांहून जास्त खपली. ती कंपनी चालली ती त्या हिशेबावर. पुढे फोर्डकडे आणि २००८ मध्ये आपल्या टाटांकडे आली, तो स्वतंत्र भागाचा विषय.

मला शेवटी सांगायचंय ते जेन्सनबद्दल, कारण तिथे हे कोडं उलटं होतं. वेस्ट ब्रॉमविचची ही छोटी कंपनी. १९६६ मध्ये त्यांनी इंटरसेप्टर काढली. रूप इटलीचं, इंजिन अमेरिकेच्या क्रायस्लरचं व्ही-८. आणि तिच्यासोबत एफएफ. चारही चाकांना ताकद, वर अँटीलॉक ब्रेक. ऑडी क्वाट्रो यायला अजून चौदा वर्षं होती, बरं का! ओल्या रस्त्यावर, आल्प्सच्या घाटात एवढी भरवशाची जीटी तेव्हा कुणाकडेच नव्हती.

पण पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारी यंत्रणा इंजिनाच्या डाव्या अंगाला बसवली होती. स्टिअरिंग तिकडे हलवायला जागाच उरली नाही. म्हणजे गाडी फक्त उजव्या स्टिअरिंगची. ज्या युरोपात आणि अमेरिकेत ती विकायची, तिथे सगळे डाव्या स्टिअरिंगवर चालवणारे! रस्ता परदेशी असतो हे बेंटलीवाले पहिल्या दिवसापासून धरून चालले होते, आणि जेन्सनने ते नकाशातच मांडलं नाही. ३२० एफएफ बनल्या, १९७१ मध्ये बंद.

तोवर घरीही दिवस बदलले होते. १९५९ मध्ये एम-१ मोटरवे सुरू झाला, म्हणजे शेवटी या गाड्यांना घरचा रस्ता मिळाला. सहा वर्षांनी, डिसेंबर १९६५ मध्ये, त्यावर ताशी ७० मैलांची मर्यादा आली. मग १९७३ चं तेलसंकट. नीसला जायला विमान होतंच. १९७६ मध्ये जेन्सनला कुलूप लागलं.

ओल्गा मात्र अजून आहे. आणि एफएफचे ते अँटीलॉक ब्रेक मुळात विमानांच्या चाकांसाठी बनले होते. डनलॉपच्या त्या मॅक्सरेट यंत्रणेवर पुढच्या भागात बोलू. तोवर नमस्कार!