ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर प्रोसेसर तापतोय? आधी साइडचं झाकण काढून बघा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड टाकून घेतात. काम पटापट होऊ लागतं, पण थोड्याच दिवसांत पंखा ओरडायला लागतो आणि ऐन रेंडरमध्ये मशीन बंद पडतं. ‘प्रोसेसर गेला, नवा टाका’ असं कुणी सांगितलं तरी लगेच पैसे काढू नयेत. बऱ्याचदा प्रोसेसर चांगलाच असतो, त्याला थंड हवा मिळत नसते.

कार्ड जेवढी वीज खातं, तेवढी उष्णता कॅबिनेटमध्ये सोडतं. नुसत्या स्लॉटवर चालणारं कार्ड 75 वॅटपर्यंत वीज घेतं, वेगळी पॉवर केबल लागणारं त्याहून जास्त. बहुतेक कार्डांचे पंखे ही गरम हवा बाहेर न टाकता आतच फिरवतात. प्रोसेसरचा पंखा साधारण कार्डच्या वरच असतो, तो तीच हवा ओढतो.

तपासणी सोपी आहे. ‘कोअर टेम्प’सारखं फुकट सॉफ्टवेअर टाकून रेंडर चालू असताना तापमान लिहून घ्यावं. मग मशीन बंद करून, प्लग काढून साइडचं झाकण काढावं आणि तेच काम पुन्हा चालवावं. चालू मशीनमध्ये हात मात्र घालू नये. तापमान 8-10 अंशांनी उतरलं तर दोष हवेचा. कामाच्या वेळी 80 अंशांपर्यंत चिंता नाही. 95-100 च्या आसपास प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापला तर मशीन बंद होतं.

झाकण काढूनही फरक नाही? मग कूलर बघावा. इंटेलच्या साध्या कूलरला चार पिना असतात. कार्ड बसवताना दाब पडून एखादी सुटते, किंवा कार्डची केबल पंख्यात अडकते. कूलर काढलाच तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

तापमान 60-70 असतानाच मशीन बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. लोकल एसएमपीएसला कार्डचा भार झेपत नाही.

झाकण कायमचं उघडं ठेवणं हा काही उपाय नाही. धूळ आणि उंदीर दोन्ही आत येतात. त्यापेक्षा पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर फेकणारा असे दोन पंखे लावावेत. पंख्याची दिशा ओळखायला सोपं: ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या दांड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते.