नॅशनल रिव्ह्यू

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पुराणमतवादी विचारांचे प्रमुख इंग्रजी नियतकालिक. विल्यम एफ. बकली (१९२५–२००८) यांनी ते स्थापन केले. पहिला अंक १९ नोव्हेंबर १९५५ रोजी निघाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उदारमतवादाचा वरचष्मा होता. त्याला विरोध करणारे गट विखुरलेले होते. धर्म व परंपरा मानणारे, मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते आणि कट्टर साम्यवादविरोधक यांना या नियतकालिकाने एका व्यासपीठावर आणले. परंपरा आणि व्यक्तिस्वातंत्र्य परस्परपूरक आहेत, ही त्यामागची भूमिका संपादक फ्रँक मेयर यांनी तात्त्विक स्वरूपात मांडली. रसेल कर्क यांनी परंपरेची बाजू मांडली, तर एकेकाळी ट्रॉट्स्कीवादी असलेले जेम्स बर्नहॅम परराष्ट्र धोरण व सुरक्षेवर लिहीत. सोव्हिएट संघाला केवळ रोखून धरणे त्यांना अपुरे वाटे.

कट्टर साम्यवादविरोधी जॉन बर्च सोसायटीचे संस्थापक रॉबर्ट वेल्च यांच्या कटकल्पनांवर नियतकालिकाने १९६२ मध्ये टीका केली. मात्र १९५७ च्या एका संपादकीयात दक्षिणेतील गोऱ्यांच्या वर्चस्वाचे समर्थन केले होते. नागरी हक्क कायद्यांना केलेला विरोध चुकीचा होता, असे बकली यांनी पुढे मान्य केले.

पुराणमतवादी रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर १९६४ ची अध्यक्षीय निवडणूक हरले, तरी ही विचारधारा टिकली. १९८० मध्ये अध्यक्षपदी निवडून आलेले रोनाल्ड रेगन या नियतकालिकाचे जुने वाचक होते. २०१६ च्या प्रारंभी नियतकालिकाने डोनाल्ड ट्रम्प यांच्या उमेदवारीविरुद्ध विशेषांक काढला. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने त्यांनाच अध्यक्षपदाची उमेदवारी दिली.