रेझ्युमे लिहिताना: चँडलरकरांसाठी काही सूचना



आपल्या चँडलरमध्ये इंटेल १९८० पासून आहे आणि मायक्रोचिपचे मुख्यालयही इथेच आहे. चिप उद्योगाला बरकत आली की आपली घरे भरतात, मंदी आली की त्याच घरांत काळजी शिरते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने १५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हे पुन्हा दिसले. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर २०१७ च्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. ते दिवस अर्ज आणि मुलाखतींना हवेत, म्हणून रेझ्युमे नोकरी शाबूत असतानाच तयार ठेवावा, असे आम्ही सर्वांना सुचवतो.

काय गाळावे

भारतातल्या बायोडेटात असणारे वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, फोटो आणि शेवटचे सहीसकटचे प्रतिज्ञापत्र इथे नको. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६७ चा वयाविषयीचा कायदा यांमुळे कंपन्यांनाही ही माहिती हातात नकोच असते. पदवी असेल तर दहावी-बारावीचे टक्केही काढून टाकावेत. अनुभव दहा वर्षांच्या आतला असेल तर एक पान, जास्त असेल तर दोन पाने पुरेत.

काय लिहावे

समर्थांनी आत्मस्तुती मूर्खलक्षणांत घातली आहे आणि आपण तोच संस्कार घेऊन वाढलो. त्यामुळे "टीमने केले", "जबाबदारी होती" अशी वाक्ये आपल्याकडून सहज लिहिली जातात. वाचणाऱ्याला मात्र तुम्ही स्वतः काय केले ते हवे असते. "टेस्टिंगची जबाबदारी होती" याऐवजी "चाचणीचा वेळ ६ तासांवरून ४ तासांवर आणला" असे लिहावे. आकडा खरा असावा, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो. लाख-कोटी टाळून मिलियनमध्ये लिहावे आणि तारखेत महिना आधी घालावा.

पदवीचे नाव प्रमाणपत्रावर आहे तसेच ठेवावे. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले, व्हीजेटीआयचे १९९७ मध्ये. जुने नाव लिहून शेजारी आजचे दिले की पडताळणी करणाऱ्याचा घोळ होत नाही.

आधी संगणक वाचतो

मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम सॉफ्टवेअरमधून जातो. तक्ते, चौकटी, दोन स्तंभ, चित्रे यांत लिहिलेला मजकूर त्याला कधी कधी वाचताच येत नाही. साधी मांडणी ठेवावी. जाहिरातीत "यिल्ड", "एचिंग" असे शब्द असतील आणि ते काम आपण केले असेल, तर तेच शब्द वापरावेत. एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवण्यापेक्षा जाहिरातीगणिक थोडा बदललेला बरा.

घरी गेलेली वर्षे

२०१५ च्या नियमाने, ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीनकार्डचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचला आहे अशा एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला. आपल्या अनेक भगिनींच्या रेझ्युमेत त्यामुळे पाच-सात वर्षांची मोकळी जागा दिसते. ती लपवू नये. "कुटुंबासाठी खंड" असे वर्षांसह सरळ लिहावे. त्या काळात कम्युनिटी कॉलेजचा एखादा कोर्स केला असेल, मराठी शाळेत शिकवले असेल किंवा मंडळाचे हिशेब पाहिले असतील, तर तेही घालावे. तेही कामच आहे.

व्हिसाचा प्रश्न

रेझ्युमेवर व्हिसाचा प्रकार लिहिण्याची गरज नाही. अर्जात मात्र बहुधा दोन प्रश्न येतात: सध्या काम करण्याची परवानगी आहे का, आणि आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का? दोन्हींची उत्तरे खरीच द्यावीत. नॉर्थरॉप ग्रुमनसारख्या संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांच्या बऱ्याच जागांना नागरिकत्व, निदान ग्रीनकार्ड लागते. ती ओळ आधी वाचली तर एक संध्याकाळ वाचते.

शेवटी, पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या, शक्यतो आपल्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला. तुम्ही काय करता हे त्याला दोन मिनिटांत सांगता आले, तर रेझ्युमे तयार झाला म्हणायचा.