दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट

गेलेल्या माणसाची आठवण घर ठेवतं. दादा कसे चालायचे, कुठली कव्वाली गुणगुणायचे, हे त्यांना न पाहिलेल्या नातवंडांनाही ठाऊक असतं. पण ज्याच्याबद्दल घरानंच गप्प बसायचं ठरवलं, त्याची आठवण कोण ठेवणार? समलैंगिक माणसांचा आपल्याकडचा इतिहास शोधू लागलं की आधी ही खामोशी आडवी येते. मग लक्षात येतं, जे थोडंफार उरलं आहे ते बऱ्याचदा दुसऱ्या कुणीतरी सांगितलं म्हणून.

मी उर्दू शिकवते. इस्मत आपांचं नाव घेतलं की शिक्षकमंडळी भरभरून बोलतात. 'लिहाफ'चं नाव निघालं की आवाज खाली येतो. शाळेच्या वर्गात ती कथा शिकवावी असं माझं म्हणणं नाही. पण आपण मोठ्यांनी तरी ती विसरायचं सोंग का करावं? १९४२ ची ती कथा. नवऱ्यानं दुर्लक्षिलेली बेगमजान आणि तिची मालीश करणारी रब्बो. पण या दोघींपैकी कुणीच आपली गोष्ट सांगत नाही. सांगते ती त्या घरात राहायला आलेली एक लहान मुलगी, जिला भिंतीवर हलणारी लिहाफची सावली तेवढी दिसते. या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबईत राहणाऱ्या इस्मत आपांना लाहोरच्या कोर्टात जावं लागलं, त्याच सुमारास मंटोही 'बू' कथेसाठी तिथल्याच कोर्टात उभे होते. माफी न मागता आपा सुटल्या. पुढे ज्या बेगमवरून ती कथा सुचली होती, ती त्यांना भेटली. तिनं नवाबाला सोडून दुसरं लग्न केलं होतं, तिला मुलगाही होता. आपांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. म्हणजे तिचं पुढचं आयुष्यही आपल्याला कळतं ते आपांच्याच लेखणीतून.

मराठी रंगभूमीवर १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली, मुलीवर प्रेम करणारी ही कॉलेजातली मुलगी. पण सांगतो कोण? तिचा मित्र बापू. आणि मित्रा शेवटी जीव देते. तेंडुलकरांनी तिला सहानुभूतीनं लिहिलं हे खरं, तरी मला ते नेहमी खटकतं. तिची गोष्ट तिनं सांगावी एवढं आयुष्यच तिला मिळालं नाही.

तृतीयपंथीयांचं मात्र वेगळं. रक्ताचं घर सुटलं तर त्यांनी गुरु-चेल्यांचं घराणं उभं केलं, आणि आठवण गुरूकडून चेल्याकडे जात राहिली. दिल्लीत मेहरौलीला लोदी काळातली हिजड्यांची खानकाह आहे. तिथल्या कबरींची देखभाल तुर्कमान गेटचे हिजडे करत आले आहेत. कल्याणजवळ हाजी मलंगच्या उरुसातही त्यांची गर्दी असते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं त्यांच्याही नोंदी ठेवायला लावल्या होत्या, पण पोलिसांच्या रजिस्टरात. एकीकडे ते रजिस्टर, दुसरीकडे जपलेल्या कबरी.

मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी आणि त्यांच्या मित्रांनी 'बॉम्बे दोस्त' काढलं. आता सांगणारा आणि ज्याची गोष्ट तो, एकच झाले. त्यासाठी धाडस लागत होतं. कलम ३७७ कायम होतं. मग १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे 'क्वीअर आझादी' मोर्चा निघाला. १९४२ साली, म्हणजे 'लिहाफ'च्याच वर्षी, 'चले जाव'ची हाक दिली गेली ती याच मैदानावरून. इंग्रज गेले, त्यांचं १८६० चं कलम तेवढं राहिलं! मोर्चेकऱ्यांनी ब्रिटिश सरकारनं माफी मागावी अशी मागणी केली. काहींनी चेहरे झाकले होते. त्या दिवसाचे फोटो कुणी जपले असतील तर त्यात काही माणसं मुखवट्यांतूनच दिसतील, पण ती तिथे होती. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांची त्या कलमातून सुटका व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडलं.

मोर्चाच्या बरोबर चौदा दिवस आधी, २ ऑगस्टला, नाटककार चेतन दातार गेले. त्यांनी 'एक माधवबाग' लिहून ठेवलं होतं. मोना आंबेगावकर ते एकटीच सादर करतात. त्यात एका आईच्या हाती तिच्या मुलाची डायरी लागते आणि आपला मुलगा समलैंगिक आहे हे तिला त्या पानांतून कळतं. इथेही मुलगा समोर येत नाही, बोलते ती आईच. पण शब्द त्याचे आहेत. तिनं ती वही जाळलेली नाही. ती वाचते आहे, आणि आपण समोर बसून ऐकतो आहोत.