हॉल्टचा कारभार

रेल्वेचा इतिहास बहुधा जंक्शने, पूल आणि उद्घाटनाचे समारंभ यांच्या आधारे लिहिला जातो. परंतु जेथे स्टेशनमास्तर नाही, सिग्नलचा खांब नाही, आणि गाडी केवळ वेळापत्रकाच्या आज्ञेने क्षणभर थांबून गार्डाच्या हिरव्या निशाणासरशी पुढे जाते, त्या हॉल्टवरच नांदेड-लातूरकडील खेड्यापाड्यांतील रयतेला रेल्वेचा पहिला परिचय झाला. म्हणून या प्रांताच्या रेल्वेचा वृत्तान्त हॉल्टवाचून पुरा होत नाही.

या दोन्ही जिल्ह्यांचा प्रदेश निजामाच्या मुलखात होता, तथापि त्यांना रेल्वे दोन निरनिराळ्या दिशांनी मिळाली. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडास आला. लातूरची गाडी मात्र इंग्रजी अमलातील बार्शीकडून आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी हा अडीच फुटी मार्ग सुरू केला, आणि प्रत्येक आसावरील भार पाच टनांच्या मर्यादेत ठेवला की हलके रूळ पुरतात व अल्प खर्चात दरिद्री प्रदेशासही रेल्वे देता येते, हे आपले तत्त्व त्याने तेथे सिद्ध करून दाखविले. १९११ साली हा मार्ग लातुरास पोहोचला. एका बाजूस इंग्रजांचा कलदार रुपया, दुसऱ्या बाजूस निजामाचा हाली सिक्का आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, अंमल. अशा दोन राजवटींना जोडून या लहान गाडीने लातूरच्या बाजारपेठेस मुंबई इलाख्याचे दार उघडून दिले.

राजवटी गेल्या. निजामाची रेल्वे १९५० साली आणि बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी केंद्र सरकारकडे आली. परंतु ज्या थांब्याच्या उत्पन्नातून मास्तराचा पगार निघणे अशक्य, तेथे कारभार कोणी पाहावा, हा प्रश्न उरलाच; आणि त्याचे उत्तर हॉल्ट एजंट या व्यवस्थेने दिले. हा मनुष्य रेल्वेचा पगारी नोकर नव्हे. जवळच्या स्टेशनातून पुठ्ठ्याची तिकिटे आणावी, त्यांवर तारखेचा शिक्का उठवून ती विकावी, हिशोब चोख ठेवावा आणि विक्रीवरील कमिशनात समाधान मानावे, एवढीच त्याची सनद. तरी प्रवाशांच्या दृष्टीने सरकार म्हणजे तोच, आणि त्याच्या सचोटीवर रेल्वेची पत अवलंबून.

जपानमध्येही, विशेषतः होक्काइडो बेटावर, अशी कर्मचारीविरहित स्थानके पुष्कळ आहेत. एका डब्याच्या गाडीत चढताना प्रवासी दाराशी क्रमांकाची चिठ्ठी घेतो आणि उतरताना चालकाजवळ भाडे भरतो. वस्ती ओसरल्यामुळे तेथे माणूस काढून घ्यावा लागला. आपल्याकडे मात्र रेल्वेला नोकर ठेवणे परवडले नाही तेथे कारभार एखाद्या स्थानिक माणसाच्या हाती सोपविला गेला, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

इकडे २००८ पर्यंत अडीच फुटी कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद, म्हणजे ब्रॉडगेज, झाला. पुढे एप्रिल २०१६ मध्ये, भीषण अवर्षणात, मिरजेहून पाण्याने भरलेली गाडी याच जुन्या बार्शी लाइटच्या वाटेने लातुरास आली आणि तहानलेल्या शहरास पाणी मिळाले. एके काळी अल्प उत्पन्नाचा म्हणून ज्या मार्गाची किंमत कमी लेखली गेली असती, त्याने संकटकाळी शहर तगविले. म्हणून एखादा हॉल्ट मोडीत काढण्याचा प्रस्ताव दप्तरात येईल, तेव्हा रोजच्या तिकीटविक्रीची बेरीज ही त्याची एकमेव कसोटी ठरू नये. त्या गावाला दुसरी वाट कोणती, हा प्रश्न आधी विचारला जावा.