मोडीत निघालेली मोटार आणि नोंदवहीत उरलेले नाव

१/
तांब्याचा हंडा कासाराकडे मोडीत दिला की व्यवहार तिथेच संपतो. हंडा कोणाचा होता, हे वितळलेले तांबे सांगत नाही. मोटारीचे तसे नाही. तिचे सांगाडे गॅस कटरने सुटे होतात. पण सरकारी नोंदवहीत ती जिवंतच राहते. लोखंड तुटणे आणि नोंद मिटणे, यांच्या दरम्यान गाडीचे उत्तरदायित्व कोणाचे? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळायला भारतीय कायद्याला शतकाहून अधिक काळ लागला.

२/
देशभरासाठीचा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. राळेगाव तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. त्या कायद्याचा सारा भर गाडी रस्त्यावर कशी येते, यावर होता: नोंदणी, चालकाचा परवाना, वेग. ती रस्त्यावरून जाते कशी, ही चिंता कोणाला नव्हती. मोटारीच मोजक्या होत्या.

३/
शिवाय गावात मोटार पूर्णपणे ‘मरत’ही नसे. तिची चाके बैलगाडीला लागत. पाटे लोहाराकडे जात आणि त्यांचे विळे, कुऱ्हाडी होत. कायद्याच्या दृष्टीने मात्र या फेरवापराचा कुठलाच दस्तऐवज तयार होत नसे.

४/
विम्याची कथा इंग्लंडमधून येते. तिथे १९३० च्या कायद्याने त्रयस्थ व्यक्तींसाठीचा मोटार विमा सक्तीचा झाला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तेच तत्त्व स्वीकारले. विम्याचे प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या अनोळखी माणसाला भरपाई मिळावी, हा त्यामागचा हेतू.

५/
पण या सक्तीला एक कुंपण होते: ‘सार्वजनिक जागा’. गाडीचा वापर तिथे होत असेल तरच विमा बंधनकारक. न्यायालयांनी पुढे या शब्दांचा अर्थ रुंदावला; तरीही सुट्या भागांत विखुरलेल्या गाडीचा ‘वापर’ होतो, असे म्हणणे अवघडच. म्हणजे गाडी भंगारवाड्यात शिरली की तिचा जुना विमा तिथल्या माणसांच्या फारसा कामाचा उरत नाही. आणि धोका तर तिथेच वाढतो: रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ, बॅटरीत आम्ल आणि शिसे, शेजारी कटरची ज्योत.

६/
मग कापणाऱ्या मजुराचे काय? त्याच्यासाठी कायदा आधीपासून होता. १९२३ चा कामगार भरपाई कायदा १ जुलै १९२४ रोजी लागू झाला. कामाच्या ओघात इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी. कंत्राटदारामार्फत लावलेल्या मजुरासाठीही मूळ मालक सुटत नाही, हे त्याचे तत्त्व. मात्र त्याने मालकावर विम्याची सक्ती केली नाही. मोठा कारखानदार विमा घेऊन निर्धास्त होई. छोट्या धंद्यात भरपाईचा हक्क मालकाच्या खिशाइतकाच खोल राहिला.

७/
शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विचार व्हायला भोपाळ घडावे लागले. डिसेंबर १९८४ ची ती वायुगळती, पाठोपाठ १९८५ मधील दिल्लीची ओलियम गळती. १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘संपूर्ण दायित्वा’चा सिद्धांत मांडला: घातक उद्योग करणाऱ्याला ‘माझी चूक नव्हती’ ही सबब नाही. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने अशा उद्योगांना विमा सक्तीचा केला. पण तो घातक पदार्थांच्या ठरावीक प्रमाणापुढेच लागू होतो. लहान भंगारवाड्याचा साठा सहसा त्या मर्यादेच्या खूप खाली असतो.

८/
भंगार व्यावसायिकावरची सर्वांत जुनी जबाबदारी विम्याची नव्हे, फौजदारीची. १८६० च्या भारतीय दंड संहितेने चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा ठरवला. तसा व्यवहार नित्याचा असेल तर शिक्षा अधिक कडक. ‘जाणूनबुजून’ हा शब्द कळीचा. कागद न पाहता घेतलेली गाडी चोरीची निघाली, तर आपल्याला ठाऊक नव्हते हे पटवून देताना व्यावसायिकाच्या हाती काहीच नसते.

९/
१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली वा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करायचे असते. हे न करण्याची किंमत किती, याचा अंदाज २०१८ च्या एका निकालातून येतो. एक मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली होती. नोंद मात्र पहिल्याच्याच नावे होती. अपघाताची भरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर स्पष्ट होते: ज्याचे नाव नोंदीत, तोच मालक.

१०/
ही फट बुजवण्याचा थेट प्रयत्न सप्टेंबर २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या नियमांनी केला. नोंदणीकृत केंद्राने गाडी चोरीची नाही, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीवरून तपासायचे. मग मालकाला ‘ठेव प्रमाणपत्र’ द्यायचे. या प्रमाणपत्रासरशी गाडीची मालकी केंद्राकडे जाते. चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा ६ महिने जपून ठेवायचा. हंड्याच्या मोडीला जे कधी लागले नाही, ते मोटारीच्या मोडीला लागले: मृत्यूचा दाखला. १ एप्रिल २०२५ पासून तर आयुष्य संपलेल्या वाहनांची पर्यावरणीय जबाबदारी गाडी बनवणाऱ्या उत्पादकांपर्यंतही पोहोचली आहे.

११/
राळेगाव तालुक्यातील वडकीवरून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. तिथून धावणाऱ्या ‘एमएच २९’च्या गाड्यांपैकी प्रत्येक कधीतरी मोडीत निघेलच. ती अधिकृत केंद्रात गेली, तर जबाबदारीची साखळी पूर्ण होते. रोख पैसे घेऊन, कागदाविना कोपऱ्यावरच्या भंगारात गेली, तर १९१४ पासूनची प्रत्येक त्रुटी पुन्हा उघडी पडते: विकणाऱ्याचे नाव नोंदीत अडकते, घेणाऱ्यावर संशयाची टांगती तलवार राहते आणि कटर धरलेला मजूर विम्याविना उभा असतो. तिघांतला सर्वांत दुबळा तोच. आणि ठेव प्रमाणपत्रावर नाव नसते तेही त्याचेच.