‘शाळा’ : कादंबरीतील आणि पडद्यावरील

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मौज प्रकाशनाने २००४ मध्ये प्रसिद्ध केली. सुजय डहाके दिग्दर्शित त्याच नावाचा चित्रपट २० जानेवारी २०१२ रोजी प्रदर्शित झाला. कथानक, पात्रे आणि आणीबाणीचा काळ दोन्हींत समान आहे. तरीही कादंबरी वाचलेला प्रेक्षक आणि चित्रपट पाहून कादंबरीकडे वळलेला वाचक यांच्या हाती लागणारी ‘शाळा’ एकच नसते.

मुख्य भेद निवेदनाचा आहे. कादंबरी नववीत शिकणारा मुकुंद जोशी स्वतः सांगतो. शिरोडकरच्या एका कटाक्षाचे तो नाना अर्थ लावतो, मित्रांसमोर एक बोलतो आणि मनात दुसरेच म्हणतो. तो स्वतःला फसवत असल्याचे वाचकाला त्याच्याआधी कळते. कादंबरीतील विनोद आणि करुणा या अंतरातूनच निर्माण होतात. हे स्वगत सुमारे तीनशे पाने चालते. पावणेदोन तासांच्या चित्रपटाला ते जसेच्या तसे पेलणे शक्य नव्हते. साहजिकच मनातल्या वाक्यांची जागा अंशुमन जोशीच्या चेहऱ्याने आणि शांततेने घेतली आहे.

दुसरा भेद शिरोडकरच्या व्यक्तिरेखेत दिसतो. वर्गातील मुले तिला आडनावानेच ओळखतात. कादंबरीत ती केवळ जोशीच्या नजरेतून दिसते आणि तिच्या मनात काय आहे, हे अखेरपर्यंत निश्चित कळत नाही. प्रत्येक वाचकाची शिरोडकर त्यामुळे वेगळी असते. पडद्यावर मात्र केतकी माटेगावकरच्या रूपाने तिला एकच चेहरा मिळतो. तिचा संकोच आता जोशीच्या अर्थाविना, थेट प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. येथे चित्रपटाने काही गमावले, तसेच काही कमावलेही आहे.

तिसरा भेद विस्ताराचा. अर्धवट बांधलेल्या इमारतीतील अड्डा, घरातील संवाद, जितेंद्र जोशी यांनी साकारलेला नरूमामा हे सारे चित्रपटात आहे. परंतु कादंबरीत शालेय वर्ष रेंगाळत सरकते आणि मोठ्यांच्या बोलण्यातून आणीबाणी मुलाच्या कानावर अर्धवट पडत राहते. त्या संथ गतीला पडद्यावर कात्री लागली आहे.

या रूपांतराची दखल राष्ट्रीय पातळीवरही घेतली गेली. ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘शाळा’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तर अविनाश देशपांडे यांना सर्वोत्कृष्ट रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी याच कादंबरीवर ‘गमभन’ हे नाटकही रंगभूमीवर आले होते.

शिरोडकर गाव सोडून जाते आणि जोशीसमोर दहावी उभी राहते, हा शेवट दोन्हींकडे आहे. चित्रपट पाहणारा त्या मुलाकडे सहानुभूतीने पाहतो. कादंबरी वाचणारा काही काळ तो मुलगाच होऊन जातो. ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला आहे, त्यांच्यासाठी पुस्तकात नेमके हेच शिल्लक आहे.